पहिल्या पंगतीचा मान

बिबवेवाडी, पुणे
२० डिसेंबर १९८१

ती. अक्कास,
संभाजीचा शिरसाष्टांग नमस्कार.

नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला किती खर्च आला, असं तू विचारलंस. मांडव, भटजी, जेवणावळ यांचा हिशोब दिवाणजींकडे आहे. पण तो खरा नव्हे. खरा खर्च असा : एक थोरला भाऊ. त्याच्या गोठ्यातलं दूध, जे कात्रजहून रोज सकाळी आमच्या दारात यायचं. मथुरावहिनींच्या हातचा ठेचा. मार्केट यार्डातल्या माझ्या गाळ्यावर येऊन, माझ्याच गादीवर बसून, माझ्याच हमालांसमोर ‘कांदा असा ठेवत्यात व्हय रं?’ असं मला विचारणारा जगातला एकुलता एक माणूस. आणि कुसुमची शांतता. ती आता रोज सकाळी चहाबरोबर एकदा आणि रात्री भाकरीबरोबर एकदा ‘चूक तुमचीच’ असं म्हणते.

दाजींचा पाय मोडला नसता आणि तू फलटणहून आली असतीस, तर हे झालंच नसतं. पण पाय काय मुहूर्त बघून मोडतो?

झालं असं. दोनशे माणूस जेवायला. टेबलखुर्ची, पांढऱ्या टोप्या घातलेले केटररचे वाढपी, सगळा थाट. माईक माझ्या हातात. आलेल्या मंडळींची नावं घेत होतो. नगरसेवक झाले, बँकेचे मॅनेजर झाले, मालट्रकांचे हुंडेकरी झाले, गाळ्याशेजारचे चार अडते झाले. दादाचं नाव राहिलं. मुद्दाम नव्हे गं, राहिलं. तसं त्याच्या मानपानात मी तिळभर कमी केलं नव्हतं. त्याला स्वतः हाताला धरून पहिल्या पंगतीत, मधोमध, मॅनेजरांशेजारी बसवलं होतं. पहिली जिलेबी त्याच्या ताटात पडली होती. नावं संपवून बघतो तर ताट भरलेलं आणि खुर्ची रिकामी. थोरला भाऊ वास्तुशांतीतून उपाशी गेला, अक्का! वहिनी थांबल्या, जेवल्या, पण हात धुताना मला म्हणाल्या, “भावजी, चांगलं केलंत हो.” त्यातला तो ‘हो’ माझ्या कानातून अजून गेलेला नाही.

आणि माझ्या कानांचं तुला माहीत आहे. पायात चप्पल नव्हती तेव्हा भवानी पेठेत पोती वाहिली, आज स्वतःचा गाळा आहे, तो याच दोन कानांवर. लिलावात वीस जण एकदम ओरडत असतात. त्यात घेणारा कोण आणि नुसता भाव चढवणारा कोण, हे मी डोळे मिटून सांगतो. त्याच कानांनी सांगतो, दादाचा राग नावाचा आहे. संक्रांतीनंतर गाळ्यावर सत्यनारायण आहे, तिथं सव्याज भरपाई करतो. तू फक्त त्याला दोन ओळी टाक, की जा म्हणून.

तुझा,
संभाजी


फलटण
३० डिसेंबर १९८१

चि. संभाजीस अनेक आशीर्वाद.

दाजी आता काठीवर चालतात. काठी आल्यापासून आवाजही वाढलाय.

आधी गोड बातमी. हेमाचं जमलं. येरवड्याचे आप्पासाहेब म्हणून आहेत, त्यांचा थोरला मुलगा, पोस्टात आहे. माणसं बोलायला मोकळी आहेत. लग्न उन्हाळ्यात. दाजींच्यानं धावपळ व्हायची नाही आणि व्याही तिकडचेच, म्हणून लग्न कात्रजला आपल्या दारात करायचं माझ्या मनात आहे. “मुलीला दोन मामा आहेत, मला कसली काळजी?” असं मी आप्पासाहेबांना तोंड वर करून सांगून बसले. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं.

आता नीट ऐक. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. माझ्या पोरीच्या पाठीशी दोघे राहतील, नाहीतर एकही नाही. एकालाच उभं केलं तर मांडवभर माणसं दुसऱ्याला शोधतील आणि हेमा अंतरपाटाकडे बघायच्या ऐवजी मागं बघत बसेल. मी सरळ कचेरीत दोन सह्या करून मोकळी होईन. आप्पासाहेबांनी मामा कुठायत म्हणून विचारलं तर सांगेन, एक रुसलाय आणि दुसरा बहिरा आहे.

बहिरा म्हटल्याचा राग आला ना? मग हे वाच. दादाला मी लिहिलं होतं, त्याचं उत्तर आलं. ते त्याच्याच शब्दांत देते : “संभाजीनं मला काय कमी केलं न्हाई. खुर्ची दिली, पहिली पंगत दिली, म्यानेजरशेजारी बसवलं. आता मी त्याच्या घरचा पाव्हणा झालो. पाव्हण्याला बोलावलं तर त्यानं जावं, न बोलावता जाऊ नये.”

हे मी दाजींना वाचून दाखवलं, मग पुन्हा एकटीनं वाचलं. यात माईकचं नाव कुठं आहे? मला नाही दिसलं. तू मला एवढंच लिही, की त्या दिवशी दादा केव्हा आला, कसा आला आणि त्याच्या हातात काय होतं. तोवर सत्यनारायणात काही दिवे लावू नकोस.

तुझी अक्का


बिबवेवाडी, पुणे
१९ जानेवारी १९८२

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

हेमाचं वाचून कुसुमनं गूळ वाटला. आनंदाचं एवढंच, कारण पुढचं पत्र आनंदाचं नाही.

तुझं पत्र पोचलं तेव्हा फेटा बांधणाऱ्याला निरोप गेला होता, मग माघार कशी घेणार? दादाला आणायला जीप पाठवली. तो आला, कारण बोलावलं होतं. गाळ्यात सोफा मांडला होता, त्यावर त्याला बसवलं. आणि या वेळी नाव मी विसरलो नाही. “आमचे ज्येष्ठ बंधू, कात्रजचे प्रगतिशील शेतकरी, श्रीमान मच्छिंद्र गेनबा” असं तीनदा पुकारलं. पलीकडच्या लसणाच्या गाळ्यातली माणसं बाहेर आली, कोण पुढारी आलाय ते बघायला. फेटा बांधला. शाल घातली. नारळ दिला. फोटोसुद्धा काढला.

फोटोत दादाचं तोंड असं आहे, की जणू त्याच्या म्हशीचा लिलाव चाललाय आणि भाव पडलाय.

प्रसाद हातावर घेतला, फेटा काढून शालीत गुंडाळला, नारळ त्यावर ठेवला, तिन्ही वस्तू सोफ्यावर आपल्या जागी बसवल्या आणि चालत स्वारगेटला गेला. जीपवाला मागं धावला तर त्याला म्हणाला, “तुमच्या शेठला सांगा, पाव्हण्याला पोचवायला यायची गरज न्हाई, वाट ठावी हाय.” आता सांग, माणसानं आणखी काय करायचं? हत्तीवर बसवू? पेशवे पार्कातून मागून आणतो.

तू विचारलंस ते लिहितो, जरी त्याचा इथं काय संबंध ते मला कळत नाही. वास्तुशांतीला दादा तांबडं फुटायच्या आत आला. भटजीसुद्धा आले नव्हते. धोतर वर खोचलेलं, उपरणं कमरेला आवळून बांधलेलं आणि हातात आपल्या घरची ती मोठी पितळी बादली आणि ओगराळं. कात्रजहून बसमध्ये घेऊन आला होता. मला हसूच आलं. म्हटलं, “दादा, भांड्यांची सोय आहे.” तर तशीच बादली घेऊन मागं स्वयंपाकाकडे गेला. जेवणाच्या वेळी तो आमटी घालून घ्यायला बादली घेऊन उभा राहिला, तेव्हा टोपीवाल्या पोरानं त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि म्हणाला, “पाव्हणं, तुम्ही बसा. आमचं काम आम्हाला करू द्या.” पोरगं शिकवलेलं होतं, अदबीनं बोललं. तेवढ्यात मी पोचलो आणि दादाला हाताला धरून खुर्चीवर बसवलं. बादली अजून आमच्या मोरीत आहे. ती त्याला परत पाठवावी का?

तुझा,
संभाजी


फलटण
२६ जानेवारी १९८२

चि. संभाजीस आशीर्वाद.

बादली पाठवू नकोस. बादली पाठवलीस तर उरलंसुरलं नातंही तिच्यातून जाईल.

अरे शहाण्या, वीस माणसांच्या ओरड्यात तुला भाव ऐकू येतो आणि एक माणूस घरून बादली घेऊन आला, ते तुला ऐकू आलं नाही?

आपल्यात पंगत कोण वाढतं? घरचे. भाऊ, चुलते, भावकी. पहिल्या पंगतीत कोण बसतं? पाहुणे. घरचा माणूस शेवटच्या पंगतीला, ती नसली तर उभ्या उभ्या, आणि काही उरलं नसलं तर गूळशेंगा खाऊन. तुझ्या घराची वास्तुशांत, म्हणजे दादाच्या लेखी त्याच्या घरची. तो पहाटे यजमान म्हणून आला आणि तू त्याला दुपारी पाहुणा करून टाकलंस. तेही दोनशे माणसांत, मॅनेजरांशेजारी बसवून. वर त्या पोरानं तोंडानंही म्हणून दाखवलं. आणि सत्यनारायणाला तू काय केलंस? शाल, श्रीफळ, फेटा. पाहुण्याचा पुन्हा पाहुणा केलास, आणि पुरावा म्हणून फोटो काढलास.

माईकवरून त्याचं नाव घेतलं नाहीस, ही त्या दिवशी तू केलेली एकमेव बरोबर गोष्ट. घरच्या माणसाचं नाव कोण पुकारतं?

माझं लग्न तुला आठवत नसेल, तू मांडवाच्या खांबाला धरून झोपला होतास. दादाला तेव्हा मिसरूड फुटत होती. गावजेवण त्यानं वाढलं. माझी पाठवणी झाली तेव्हा तो जेवलेला नव्हता. बादली खाली ठेवून धावत आला आणि तसाच आमटीचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. सासरी पोचेपर्यंत माझ्या केसांना गोडा मसाल्याचा वास येत होता. सासूबाई म्हणाल्या, पोरगी स्वयंपाकात हुशार दिसते.

चूक एकट्या तुझीच, असं मी म्हणत नाही. कुसुमला सांगू नकोस. दादालाही तोंड होतं. “बादली दे” एवढे दोन शब्द बोलला असता तर काय जीभ झिजली असती? हे मी त्यालाही लिहिलंय. पण आता आप्पासाहेब यादी करायला यायचं म्हणतायत. मला लवकर कळव.

तुझी अक्का


बिबवेवाडी, पुणे
२ फेब्रुवारी १९८२

ती. अक्कास नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी रागावलो, मग गप्प बसलो, मग पुन्हा रागावलो. आता लिहितो.

केटरर मी थाटासाठी आणला असं तुम्हा सगळ्यांना वाटतं. कुसुमलाही तसंच वाटतं, आणि मी तिला वाटू दिलं, कारण खरं सांगायला लाज वाटते. दादाची पाठ तू बघितली नाहीस. तू येतेस तेव्हा तो ताठ उभा राहतो. गेल्या वर्षी सखाराममामांच्या तेराव्याला त्यानं पंगती वाढल्या आणि संध्याकाळी गोठ्यात भिंतीला टेकून उभा होता, बसताही येईना की वाकताही येईना. मला बघून म्हणाला, “भिंत पडल का बघतोय.”

आयुष्यभर हा माणूस गार भात खात आला. बाबा गेल्यावर मला शहरात धाडलं आणि स्वतः मागं राहिला. मी ठरवलं होतं, की माझं घर होईल तेव्हा याला पहिल्या पंगतीत बसवायचं, गरम जेवण, दुसऱ्यानं वाढलेलं, चार मोठ्या माणसांत. म्हणून टेबलखुर्ची, की पाठीला त्रास नको. म्हणून ते टोपीवाले. जिलेबीसुद्धा त्याला आवडते म्हणून.

आणि त्यानं ती खाल्ली नाही.

संभाजी


फलटण
८ फेब्रुवारी १९८२

चि. संभाजी,

हे मला कशाला लिहितोस? माझी पाठ दुखत नाही.

कात्रजला जा. जीप नको, पेढे नकोत, शाल तर नकोच. बसनं जा आणि उपाशी जा.

अक्का


बिबवेवाडी, पुणे
२२ फेब्रुवारी १९८२

ती. अक्कास संभाजीचा शि. सा. नमस्कार.

गेलो. सगळं लिहितो, कारण कुसुमला सांगून झालं, दिवाणजींना सांगून झालं आणि अजून पोट भरलं नाही.

तिसऱ्या प्रहरी पोचलो. दादा ओसरीवर होता. मला बघून उठून उभा राहिला. टोपी सरळ केली आणि म्हणाला, “या. बसा.”

अक्का, मी त्या ओसरीवर रांगलोय. आयुष्यात दादानं मला ‘ये’सुद्धा म्हटलेलं नाही, नुसतं ‘आलास व्हय’ म्हणायचा. मला वाटलं, मागं आणखी कोण आलंय की काय, म्हणून वळून बघितलं. मागं फक्त कोंबडी होती.

खुर्ची आली. खुर्चीवर चादर आली. मग वहिनी चहा घेऊन आल्या, कपबशीत! बशीत दोन बिस्किटं! माझा तो ठोक्यांचा पितळी पेला समोर फळीवर दिसत होता. दादा समोर बसून विचारतो, “कसं काय, यापार बरा हाय न्हवं? घरची मंडळी खुशाल?” मी म्हटलं, “खुशाल.” तो म्हणाला, “चालायचंच.” मला आठवलं, बँकेचे मॅनेजर गाळ्यावर येतात तेव्हा मी असाच बोलतो. त्यांना बरं वाटतं. मला मात्र कुणीतरी घराबाहेर काढून दार हळूच लावून घेतल्यासारखं झालं. तुझ्या पत्रातून जे कळलं नव्हतं, ते बिस्किटानं कळलं.

चहा तसाच ठेवला. शर्ट काढून खुंटीला अडकवला आणि गोठ्यात गेलो. धारेची वेळ होती. बादली घेतली आणि म्हशीखाली बसलो. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि लाथ घातली. बादली तिकडे, मी इकडे, शेणात.

मागून आरोळी आली, “अरं गाढवा! भलत्या अंगाला बसलास! शेठ झालास म्हून म्हस बाजू बदलती व्हय?”

गाढव म्हणाला, अक्का! गाळ्याचा परवाना हातात पडला तेव्हासुद्धा मला इतका आनंद झाला नव्हता.

मग त्यानं धार काढली आणि मी दावं धरून उभा राहिलो. तिथंच, म्हशीच्या पोटाआडून, पाठीचं सगळं सांगितलं. त्यानं धार थांबवली नाही. दुधाचा आवाज तेवढा चालू. मग म्हणाला, “पाठ माझी हाय न्हवं?”

“हाय.”

“मग मला इचारलंस?”

“न्हाई. आन् तू तरी बोललास?”

“थोरल्यानं काय भीक मागायची? बादली वाढा म्हून?”

“भीक कसली? ‘संभ्या, बादली आण’ म्हणायचं. मी आणली नसती?”

तो म्हणाला, “त्या टोपीवाल्यासमोर जीभच उचलंना. धाकट्याच्या घरात आपलं काम उरलं न्हाई, असं झालं.” आणि लगेच, आवाज चढवून, “दावं ढिलं सोडू नगंस!”

रात्री त्याच्याबरोबर चुलीपुढं जेवलो, सगळ्यात शेवटी. पिठलं संपलं होतं, खरवड खाल्ली. उठताना वहिनी म्हणाल्या, “भावजी, ताट मोरीत ठेवा. तुमचं उचलायला हितं कोण बसलंय?” या वेळी ‘हो’ नव्हता.

तुझ्या आप्पासाहेबांना येऊ दे यादीला.

तुझा,
संभाजी


कात्रज
५ एप्रिल १९८२

चि. संभाजीस आशीर्वाद.

लगीन आपल्या दारात. फलटणला शकूला कळवलं. मांडव तुझा, सैपाक माझा. केटरर आणशील तर त्यालाच पहिल्या पंगतीला बसवीन आन् शाल घालीन.

पाठीचा इचार केला. तू म्हनतोस त्यात खोटं न्हाई. कडंची एक पंगत मी वाढीन. मधली मोठी तू घ्यायची. पलीकडची भावकीतली पोरं बघतील. मी दमलो तर मी सांगीन. तू इचारत मागं मागं फिरू नगं.

माझी बादली तुझ्या मोरीत हाय. ती लखलखीत घासून आण. उपरणं आण. माईक आणू नगं.

मच्छिंद्र


बिबवेवाडी, पुणे
९ मे १९८२

ती. अक्कास शि. सा. नमस्कार.

वऱ्हाड सुखरूप पोचल्याचं कळलं. हेमाचं पत्र आलं का? पाठवणीनंतर तू लगेच फलटणची गाडी गाठलीस, त्यामुळं तुझ्याशी बोलायला झालं नाही.

मंगलाष्टकं चालू असताना तू पदर डोळ्यांना लावून बसली होतीस, म्हणून तुला दिसलं नसेल. पोरीच्या पाठीशी आम्ही दोघे उभे होतो. एका पाटाच्या रुंदीत दोन मामा. जागा मावेना, तर दादानं मला कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाला, “पोट आत घे.” हेमा अंतरपाटाआड हसली, आणि आप्पासाहेबांना वाटलं पोरगी नवरा बघून खूश आहे. असू दे.

दादा मध्येच एकदा म्हणाला, “संभ्या, जरा धर,” आणि बादली माझ्याकडे देऊन भिंतीला टेकला. आपण होऊन म्हणाला. पाटावर बसवून पाणी दिलं आणि त्याची बादली फिरवून आणली. परत आलो तर हात पुढं करून उभा.

आता वाढण्याचं सांगतो, कारण ते तुला सांगायला दुसरं कोणी नाही. मधली पंगत पूर्ण एकट्यानं वाढली. भाजी, आमटी, पुरी, बुंदी. इतकी वर्षं गाळ्यात बसून काढली, पण हात विसरला नव्हता. दादा अजून आपल्या कडेच्या पंगतीला दुसरी आमटी फिरवतोय, तोवर माझी पंगत जेवून उठलीसुद्धा! बाकी दोन्हींच्या आधी. भावकीतली पोरं बघत राहिली. आणि माणसं किती खूश! ताटावरून दोन्ही हात वर करून “संभाजीशेठ! अहो संभाजीशेठ!” म्हणून हाका मारत होती. मी आपला बादली सावरत, नमस्कार करत पुढं. एवढा मान मला माईकवरून कधी मिळाला नाही. दादा तिकडे येणार आहे ना? त्याला सांग, हे काम शिकवून येत नाही, अंगातच असावं लागतं.

तुझा,
संभाजी


फलटण
१५ मे १९८२

चि. संभाजीस आशीर्वाद.

शकूची भांडी पोचवायला आलो. तुझं पत्र तिनं मोठ्यानं वाचलं. दाजी हसून काठीवरनं पडायचं ऱ्हायलं.

तुझी पंगत लवकर उठली, खरं हाय. उठून माझ्या पंगतीला येऊन बसली. ती माणसं तुला हाका मारत हुती, कारण तू त्यांना भात वाढलाच न्हवता.

मच्छिंद्र